धुऱ्यावरची अंबाडी

पानाच्या पाठीवर, मधल्या शिरेला लागून, देठापासून अकरा मिलिमीटरवर एक दुसरं पान उगवलेलं आहे. ते चार मिलिमीटर लांब आहे आणि आकाराने वाटीसारखं. वाटीला स्वतःच्या शिरा आहेत, कडेला बारीक दातेही आहेत. तीन वर्षं वहीत दाबून राहिल्याने मोठं पान तपकिरी आणि कागदासारखं झालं. वाटी मात्र पूर्ण चपटी झाली नाही. वहीच्या पुढच्या सहा पानांवर तिचा गोल ठसा उमटला आहे. सातव्या पानावर नाही.

निरोगी पानाच्या पाठीवर पान फुटत नाही.

हे पान अंबाडीचं आहे. ९ सप्टेंबर २०३९ रोजी, आमच्या संशोधन केंद्रातली सगळी मंडळी जेवायला गेली असताना मी त्यातून सहा मिलिमीटरची चकती कापली आणि यंत्रात टाकली. चाळीस मिनिटांनी उत्तर आलं. ते मला अपेक्षित होतं, तरी मी दुसरी चकती कापून पुन्हा पाहिलं. उत्तर तेच होतं.

कापसाच्या पानाचे सगळेच विकार सांसर्गिक नसतात. बोंडं भरताना झाडाला मॅग्नेशियम कमी पडलं आणि रात्री एकदम गार झाल्या, की पान लाल होतं. त्याला लाल्या म्हणतात, आणि लाल्या एका झाडाचा दुसऱ्याला लागत नाही. तुडतुडे रस शोषतात तेव्हा पानाच्या कडा खाली वळतात. तुडतुडे गेले की नवीन पानं सरळ येतात. विषाणूचा विकार वेगळा. त्यात पानं वर वळून द्रोणासारखी होतात, शिरा जाड होतात, पाठीवर अशा वाट्या फुटतात आणि झाड गुडघ्याएवढं राहतं. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. पूर्वी तो उत्तरेकडे असायचा. मग इकडचे हिवाळे इतके उबदार झाले की माशी वर्षभर जगू लागली, आणि २०३१ साली तो यवतमाळच्या मातीत आला. गावांनी त्याला लगेच नाव दिलं, द्रोण्या.

द्रोण्यावर आम्ही जो उपाय काढला तो साधा होता. एका झाडात सौम्य विषाणू आधी शिरला, तर झाड त्याला आपला समजतं आणि त्याच जातीच्या तिखट विषाणूला नंतर थारा देत नाही. म्हणून आम्ही तिखट विषाणूतला रोग घडवणारा तुकडा काढून टाकला आणि उरलेला निरुपद्रवी विषाणू कापसाच्या रोपांत सोडला. एकरी सहा रोपं पुरत. बाकीचं काम माशीच करी. जी माशी द्रोण्या पसरवायची, तीच आता त्याच्यावरची लस वाटत फिरायची. काचघरात आम्ही चार वर्षं हा विषाणू कापसावर वाढवला. तो एकदाही तिखट झाला नाही. कापसावर.

उघड्या शेतावरच्या पहिल्या चाचणीसाठी चार शेतं निवडली. त्यातलं एक गोंदखेडचं, गट क्रमांक एकशे बारा, माझ्या काकांचं. सुचवलं मीच. मी चार वर्षांची असताना माझी आई गेली, तेव्हापासून दहावीपर्यंत मी वामनकाका आणि पंचफुलाकाकूकडे वाढले. त्या शेतातला प्रत्येक चढउतार मला ठाऊक होता.

निदान मला तसं वाटत होतं.

ऑगस्ट २०३६ मध्ये मी पाहणीचा फॉर्म घेऊन तिथे गेले. नववा प्रश्न असा होता : चाचणी क्षेत्राच्या दोनशे मीटरच्या आत कापसाच्या कुळातलं इतर कोणतं पीक आहे का?

"काका, कापसाशिवाय काय आहे शेतात?"

"कायी नाई. निस्ती पऱ्हाटी." आमच्याकडे कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात.

"आजूबाजूला?"

"पऱ्हाटीच. कुठवर पायते?"

मी 'नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली.

काका खोटं बोलले नव्हते. आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, आणि धुऱ्यावर बायका अंबाडी पेरतात. बी प्रत्येकीने माहेराहून आणलेलं असतं. पुरुष ते पेरत नाहीत, मोजत नाहीत, आणि शेतात काय आहे असं विचारलं तर सांगतही नाहीत. त्यांच्या दृष्टीने ते पीक नसतं, ती भाजी असते. अंबाडी कापसाच्याच कुळातली, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. फॉर्म भरून झाल्यावर आम्ही जेवायला बसलो. ज्वारीची भाकर, वरून लसणाची फोडणी घातलेली अंबाडीची भाजी. मी दोनदा घेतली.

जेवताना काकूने विचारलं, "ह्या तुया औषधाचं नाव काय?"

"सी-सतरा."

"हे काय नाव हाय? नवरीसंगं सासरी जाते, तिच्यावर ध्यान ठेवते, थे कोन?"

"पाठराखीण."

"मंग. पाठराखीण म्हन."

मी हे आमचे संचालक केळापुरे सरांना सांगितलं. सरांना ते इतकं आवडलं की पुढच्या वर्षी सात जिल्ह्यांतल्या प्रत्येक भित्तिपत्रकावर तेच नाव होतं.

त्याआधीच, २०३६ च्या बारा ऑक्टोबरला, काकूचा फोन आला. अंबाडीचं पान वाकडं झालंय म्हणाली. मी घाईत होते. दोन दिवसांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर तिने अंबाडीची जुडी पाठवली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून एक पान वेगळं. जुडीची मी भाजी केली. पान वहीत ठेवलं, सवडीने बघू म्हणून. त्या हिवाळ्यात काका गेले. वही कपाटात गेली.

२०३७ साली पाठराखीण सात जिल्ह्यांत पोचली. द्रोण्या थांबला. २०३८ मध्ये तो पुन्हा दिसला, आणि दिसला तो नेमका पाठराखीण असलेल्याच शेतांत. जिथे ती नव्हती तिथे झाडं त्या मानाने बरी होती. यंदा गोंदखेडसह अकरा गावांचा कापूस फुलं लागायच्या आत उपटावा लागला.

हा विषाणू आला कुठून, हे शोधायचं काम 'उगम' नावाच्या यंत्रणेवर सोपवलं गेलं. तिची रीत समजायला सोपी आहे. एखादी लोणच्याची कृती बायका एकमेकींच्या वहीतून उतरवून घेतात. एकीने चुकून मेथीऐवजी मोहरी लिहिलं, की तिच्या वहीतून उतरवणाऱ्या सगळ्यांच्या लोणच्यात मोहरी येते. पुढे आणखी एक चूक, तिच्यापुढे आणखी एक. हजार वह्या समोर ठेवल्या आणि चुका जुळवत मागे गेलं, तर मूळ वही कोणाची ते सांगता येतं. विषाणूही स्वतःच्या नकला काढतो आणि चुकतो. उगमला आम्ही एकोणीस हजार पानांच्या चकत्या दिल्या, त्यांत चाचणीच्या वेळी दर पंधरा दिवसांनी घेऊन गोठवलेल्या जुन्या चकत्याही होत्या. ऑगस्टच्या शेवटी पडद्यावर एक झाड उभं राहिलं, आणि त्याच्या मुळाशी लाल ठिपका. गट एकशे बारा, ओळ पहिली, झाड चौथं. नोव्हेंबर २०३६.

पहिली ओळ म्हणजे धुऱ्याला लागून असलेली. अंतर चाळीस सेंटिमीटर.

ठिपका पाहिला आणि मला वही आठवली. ती सापडायला आठवडा लागला.

अंबाडीचा स्वतःचा एक विषाणू असतो. त्याने पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, याहून फारसं काही होत नाही. माशीने आमची पाठराखीण कापसावरून अंबाडीवर नेली. एकाच पेशीत दोन विषाणू आले. नक्कल काढणाऱ्यासमोर दोन वह्या शेजारी शेजारी उघड्या असाव्यात आणि ओळ लिहिता लिहिता नजर एकीवरून दुसरीवर घसरावी, तसं झालं. जे तयार झालं त्याचं आवरण पाठराखिणीचं होतं आणि आतलं विष अंबाडीच्या विषाणूचं. ते कापसावर परतलं तेव्हा झाडांनी त्याला ओळखीचं समजून आत घेतलं. आमच्या लसीने झाडांना तेवढंच तर शिकवलं होतं.

वहीतल्या पानात हा नवा विषाणू होता. त्याच्या नकलेत एकही चूक नव्हती. ती मूळ वही होती.

मी दुसऱ्याच दिवशी पान घेऊन सरांच्या खोलीत गेले. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पान भिंगाखाली धरून उलटसुलट पाहिलं.

"अंबाडी," ते म्हणाले.

"हो."

"कुठली?"

"गोंदखेडची. एकशे बाराच्या धुऱ्यावरची."

त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. "कोणी कोणी पाहिलंय हे?"

"तुम्ही आणि मी."

"बस, प्रणिता." मी बसले. "मी घाबरलोय असं तुला वाटत असेल. घाबरलोच आहे. उद्या हे जाहीर केलं तर परवा सात जिल्ह्यांतली पाठराखीण बंद होईल. आज जी शेतं हिच्यामुळे उभी आहेत, त्यांच्यात जुना द्रोण्या शिरेल. सरकारी माणसं दारोदार जाऊन अंबाडी उपटतील. बायका काय म्हणतील ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आणि मार्चपर्यंत आपली नवी पाठराखीण तयार होतेय, जिला अंबाडीत जागाच नाही. मी फक्त सहा महिने मागतोय."

"आणि उगम-शेत?"

नियम असा आहे की ज्या शेतातून रोग निघाला ते, समितीपुढे सुनावणी होऊन, उगम-शेत म्हणून जाहीर होतं. सात वर्षं तिथे कापूस लावता येत नाही, आणि मालकाचं नाव, कारणासकट, अकरा गावांच्या चावडीवर लागतं.

"तिथून निघालाच आहे तो," सर म्हणाले. "यंत्र खोटं सांगत नाही."

"यंत्राला कोणी अंबाडी दिलीच नाही, सर."

"फॉर्मवर अंबाडी नव्हती म्हणून दिली नाही." मग अगदी हळू म्हणाले, "तो फॉर्म कोणी भरला होता?"

त्यांनी ही धमकी दिली नव्हती. धमकी असती तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं.

मी पान परत वहीत ठेवलं.

मग मी दिवस मोजत राहिले. चौथ्या दिवशी मी समितीला लिहायच्या पत्राचा मसुदा केला, तीन वाक्यांचा. अकराव्या दिवशी त्यातलं एक वाक्य खोडलं. वीस दिवसांनी मी स्वतःला सांगत होते की तिसरी चकती तपासायला हवी, दोन निरीक्षणं पुरेशी नसतात. बत्तिसाव्या दिवशी तपासली. आता पानात कापण्यासारखं फार उरलं नव्हतं, आणि माझ्याकडे सबबीही. वीस ऑक्टोबरला सुनावणी होती. सोळा ऑक्टोबरला मी गोंदखेडला गेले.

भर दुपार होती. वाटेतली शेतं मोकळी होती. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यांवर वाळत होते. दरवर्षी या दिवसांत पहिल्या वेचणीची तयारी चालू असते. गावातल्या वेचणाऱ्या बायकांची टोळी काकूची असायची. कोणत्या शेतात कधी जायचं, कोणी कोणती ओळ धरायची, ते तीच ठरवायची. तीस वर्षं. आता त्या बायका रोज टेम्पोने दुसऱ्या तालुक्यात वेचायला जात होत्या, आणि टोळी शेजारच्या लीलाबाई भोयरांची झाली होती. त्या दिवशी टेम्पो लवकर परतला होता. बायका उतरल्या, काकूच्या दारावरून जाताना गप्प झाल्या. लीलाबाईंनी मला पाहिलं.

"डॉक्टरीणबाई आल्या," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आता काय उपटाचं राहिलं गावात?"

आतून काकूचा आवाज आला. "तुयी जीभ राहिली वं, लीले!"

कोणी हसलं नाही. पूर्वी सगळ्या हसल्या असत्या. लीलाबाई आणि काकू एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या. दोघींचे धुरे एकमेकांना लागून आहेत.

काकूने ताट वाढलं. भाकर, तुरीचं वरण, कांदा.

"भाजी नाई," ती म्हणाली.

"यंदा अंबाडी नाही पेरलीस?"

"नाई."

"बी संपलं?"

"बी हाय. तुंब्यात भरून ठेवलं." तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात ठेवला. "पोट्टे, तू मले येडी समजते काय?"

मी ताटातला कांदा बाजूला सारला.

"पयलं पान अंबाडीचं वाकडं झालं. मंग तिच्या बाजूच्या पऱ्हाटीचं शेंड्याचं पान. मी रोज जात व्हती, रोज पायत व्हती. तुमचे लोक पंधरा दिवसानं येत, गोल गोल भोकं पाडत अन् जात. पऱ्हाटीले पाडत. अंबाडीकडं कोन पायते? अंबाडीचं वाकडं झालं तवाच मी तुले फोन केला. तू काय म्हतलं, आठवते?"

मला शब्दन् शब्द आठवत होता. "मी म्हटलं, काकू, अंबाडीचं सोड. कापसाचं काही असेल तर सांग."

"मंग मी पान धाडलं."

"धाडलंस."

"पाह्यलं काय?"

"पाहिलं."

"कधी?"

"मागच्या महिन्यात."

काकू माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसू लागली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. "तीन सालानं! अवं, तेवढ्यात तं लेकरू बोलाले लागते."

"काकू, मी समितीत सांगणार आहे."

"काहाले?"

"तू चोरबीटी पेरलं असं म्हणतात सगळे." चोरबीटी म्हणजे चोरट्या वाटेने आलेलं, परवानगी नसलेलं कापसाचं बियाणं. आमची लस तिखट होऊ शकत नाही हे केंद्राने गावोगाव सभा घेऊन सांगितलं होतं. उगमचा ठिपका काकूच्या शेतावर पडल्याचं कळलं तेव्हा लोकांनी सरळ अर्थ लावला : लस चांगली होती, म्हणजे पंचफुलाने काहीतरी केलं असणार.

"म्हनू दे."

"सात वर्षं कापूस नाही लावता येणार."

"तूर पेरीन."

"तुझं नाव चावडीवर लागेल."

"राशनच्या दुकानात बी लागलं हाय." मग ती थांबली. आवाज बदलला. "आइक. तू अंबाडीचं नाव घेतलं, का सरकारची मानसं येतीन अन् साऱ्या बायांचे धुरे उपटतीन. लीलीचा, कमलचा, साऱ्यायचा. लीलीच्या मायनं देल्लं बी हाय तिच्याजवळ, चाळीस सालं झाले पेरते थे. आज त्या मले बोलतात. उद्या तुले बोलतीन. या गावात पोरीले अभ्यास कर म्हनतात तं काय म्हनतात? पंचफुलाच्या प्रणितावानी हो म्हनतात. माहं काय हाय आता? माहं मी पाहून घेईन. तू कायी बोलू नको."

"म्हणजे काय करशील?"

"वरन घे अजून," काकू म्हणाली.

परत निघताना मी शेतावर गेले. पहिल्या ओळीत चौथ्या झाडाची जागा मोजून काढली. तिथे माती होती. धुऱ्यावर जुन्या अंबाडीचं एक वाळलेलं खोड अजून उभं होतं, सालीचे धागे सुटलेलं.

सुनावणी पंचायत समितीच्या सभागृहात अकरा वाजता सुरू झाली. खुर्च्या कमी पडल्या. अध्यक्ष दाभाडे म्हणून एक निवृत्त अधिकारी होते, शांत आणि शिस्तीचे. पडद्यावर उगमने काढलेलं झाड दाखवलं होतं. हजारो फांद्या, आणि खाली लाल ठिपका. लोक ठिपक्याकडे बघत आणि मग दुसऱ्या रांगेत एकट्या बसलेल्या काकूकडे. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि लोक भिंतीला टेकून उभे होते.

मी केंद्राच्या बाजूला, सरांशेजारी बसले होते. वही माझ्या मांडीवर होती.

लीलाबाईंचे पती गुणवंत भोयर गावांच्या वतीने उठले. "साहेब, अकरा गावची पऱ्हाटी आमी आमच्या हातानं उपटली. फूल धरत व्हती, तवा उपटली. आमाले हिचं वावर नाई पायजे, कायी नाई पायजे. हिनं काय पेरलं थे हिनं सोताच्या तोंडानं सांगावं. मंग आमी जातो घरी."

दाभाडे काकूकडे वळले. "पंचफुलाबाई, उत्तर द्यायची सक्ती नाही. पण विचारतो. २०३६ साली तुमच्या शेतात केंद्राने दिलेल्या बियाण्याशिवाय बाहेरचं काही बियाणं पेरलं होतं का?"

काकू उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"हो. पेरलं."

सभागृहात एकदम गलका झाला. दाभाड्यांनी हात वर केला. "कुठून आणलं?"

"बजारातून."

"कोणाकडून?"

"नाव नाई आठवत. डोक्याले फेटा व्हता."

"कोणत्या ओळीत पेरलं?"

"पयल्या," काकू म्हणाली. आजारी झाड कोणत्या ओळीत होतं ते तिने रोज पाहिलं होतं. "पाच-सहा झाडं गेली व्हती, तिथी खाडे भरले."

दाभाडे खाली बघून टिपून घेऊ लागले. सभागृहातल्या सगळ्यांचे चेहरे सैल पडलेले मला दिसले. कारण सापडलं होतं. गुणवंतराव खाली बसले. लीलाबाईंनी तोंडावर पदर घेतला. त्या रडत होत्या असं वाटलं, पण मला नक्की सांगता येणार नाही.

त्या शेतात खाडे भरलेच नव्हते. चार मोहोरबंद पाकिटं मी स्वतः फोडली होती, दाणे मोजून टोकले होते, आणि दोनशे बारापैकी दोनशे बारा उगवले होते. हे या सभागृहात तीन माणसांना माहीत होतं. एक खोटं बोलत होती. दुसरा समोरच्या कागदावर पेन आडवं ठेवून त्याच्याकडे बघत होता.

आता ही नोंद होईल. पुढे एखादा विद्यार्थी ती वाचेल, चोरबीटीमुळे सौम्य विषाणू तिखट होतो असं प्रबंधात लिहील, आणि मार्चमधली नवी पाठराखीणही अंबाडीवर तपासून पाहायची कोणाला गरज वाटणार नाही. सरांची सुद्धा खात्री त्यांच्या काचघरातली होती. तिथल्या एकाही कुंडीला धुरा नव्हता.

"ठीक आहे," दाभाडे म्हणाले. "निर्णयापूर्वी एक औपचारिकता. स्थळपाहणीचा अहवाल डॉक्टर प्रणिता देवतळे यांचा आहे. मॅडम, फक्त होकार द्या म्हणजे नोंद पुरी होईल. प्रश्न नऊ, दोनशे मीटरच्या आत कापसाच्या कुळातलं इतर पीक. तुमचं उत्तर, 'नाही'. बरोबर?"

शेजारून सर पुटपुटले, "मार्च, प्रणिता. फक्त मार्चपर्यंत."

काकूने आता माझ्याकडे पाहिलं. मान किंचित हलवली. नको. लहानपणी पाहुण्यांसमोर मी काही बोलायला जायचे, तेव्हा ती अशीच मान हलवायची, आणि मी गप्प बसायचे.

मी उभी राहिले. वही उघडली आणि पान दाभाड्यांच्या टेबलावर, पाठीकडची बाजू वर करून ठेवलं.

"हे काय आहे?"

"ते उत्तर चुकीचं आहे," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला, म्हणून मी पुन्हा, मोठ्याने सांगितलं. "चुकीचं आहे. पंचफुलाबाईंनी बाहेरचं काही पेरलेलं नाही. बियाणं आमचं होतं. पाठराखीण आमची होती. आणि ते 'नाही' मी लिहिलं, चार पावलं चालून न बघता. धुऱ्यावर अंबाडी होती, साहेब. मी त्या दिवशी तीच जेवले होते."